सगळ्या घराने मिळून सायकल: पुढे कोण, मागे कोण?

वाट_सावलीची

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात माणसं पाच आणि आता सायकलीही पाच. पण एकत्र बाहेर पडलो की थोड्याच वेळात कुणीतरी रुसून बसतं, म्हणून हा धागा काढतेय.

आधी माणसं सांगते. मी लहानपणापासून चालवते, गर्दीतही भीती वाटत नाही. नवरा मोठेपणी शिकला. सरळ रस्त्यावर छान चालवतो, पण मागे बघ म्हटलं की मानेबरोबर सायकलही वळते. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिला 'हळू' हा शब्द ऐकूच येत नाही. मुलगा साडेचार वर्षांचा, त्याच्या सायकलला बाजूची दोन छोटी चाकं. आणि सासरे, वय अडुसष्ट. नोकरीची सगळी वर्षं सायकलने कामावर गेले, नंतर सायकलला हात लावला नाही, आणि आता "मला काय शिकवता" म्हणत सगळ्यांच्या आधी दारात उभे.

रस्ता मला माहीत म्हणून मी पुढे असते. मुलगी मला ओलांडून निघून जाते. नवरा मुलाला घेऊन मागे राहतो, बाबा मध्येच कुठेतरी. मी वळून बघावं तर मागे कुणीच नाही!

तर क्रम कसा लावायचा? मुलाची बाजूची चाकं कधी काढायची? बाबांचे गुडघे अधूनमधून कुरकुरतात, त्यांना सायकल चालेल ना? आणि एक शंका नवऱ्याची: त्याची रक्तातली साखर काठावर आहे, डॉक्टरांनी हालचाल वाढवायला सांगितलंय. पण मुलांबरोबर इतकं रमतगमत चालवून व्यायाम होतो का, की नुसतं फिरणं? हेल्मेट सध्या फक्त मुलांना आहेत.

---

दोन_ब्रेक

मोठ्यांनीही हेल्मेट घाला. मुलं आपल्याकडे बघून शिकतात वगैरे बाजूला ठेवा, डांबर वय विचारत नाही.

आणि घालायचं तर नीट घाला. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, त्याहून वर नको. निम्मी जनता ते मागे सरकवून कपाळ उघडं टाकते. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या बरोबर खाली एकत्र आले पाहिजेत, हनुवटीखाली जेमतेम एक बोट जावं. मग तोंड मोठ्ठं उघडून जांभई द्या. हेल्मेट डोक्यावर खाली ओढल्यासारखं वाटलं तर पट्टा बरोबर, नाही वाटलं तर सैल आहे.

एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसलं तरी बाद करा. आतला थर्माकोलचा थर स्वतः दबून धक्का पचवतो आणि एकदा दबला की परत फुगत नाही. कुणाचं वापरलेलं हेल्मेट घेऊ नये ते याचसाठी, त्याचा इतिहास आपल्याला माहीत नसतो.

---

मागचं_चाक

वाट_सावलीची ताई, घरात सगळ्यांत पक्क्या तुम्ही आहात ना? मग तुम्ही शेवटी.

हे बऱ्याच घरांत उलटं असतं. जो चांगला चालवतो तो पुढे, बाकीचे त्याच्या मागे धापा टाकत. पण पुढच्याला दिसतो तो रिकामा रस्ता आणि मागच्याला दिसतं सगळं घर. कोण डगमगतंय, कोण दमलंय, कुणाच्या बुटाची नाडी चेनपाशी लोंबतेय, हे शेवटच्यालाच कळतं. मागून येणारी गाडीही आधी शेवटच्याला गाठते, त्यामुळे तिथे सरळ रेषेत, न गडबडता चालवणारं माणूस हवं. शिवाय ओरडून सांगितलेलं पुढे ऐकू जातं. पुढच्याने तोंड पुढे ठेवून सांगितलेलं वाऱ्यात विरतं.

पुढे नवऱ्याला ठेवा. मागे बघता येत नाही ना? बघायची गरजच नाही, मागचं तुम्ही बघताय. त्याचं काम एकच: वेग धरून ठेवणं. दुसरी मुलगी. ती सुटते म्हणूनच तिच्यापुढे मोठं माणूस हवं आणि पहिल्याला ओलांडायचं नाही हा नियम निघतानाच ठरायला हवा, रस्त्यात भांडून नाही. तिसरे बाबा, शेवटी तुम्ही. धाकट्याला इतक्यात रस्त्यावर स्वतःच्या सायकलवर आणू नका. त्याची सायकल मोकळ्या जागेत. रस्त्यावर तो तुमच्या मागच्या लहान मुलांच्या सीटवर, पट्टे बांधून. सीटवर कमाल वजन लिहिलेलं असतं, ते बघून घ्या. मूल सीटवर असताना सायकल स्टँडवर सोडून एक पाऊलही लांब जाऊ नका. वजन उंचावर असतं, मुलाने नुसतं वाकून बघितलं तरी सायकल आडवी होते.

वेग सगळ्यांत हळू चालवणाऱ्याचा, म्हणजे तुमच्याकडे बहुधा बाबांचा. हे मुलीला जड जाईल. तिच्यासाठी शेवटी एखादा सुरक्षित मोकळा तुकडा ठेवा, तिथे हवं तेवढं सुटू दे.

दोघांत अंतर दोन सायकलींएवढं तरी हवं. ताशी १५ किलोमीटरने चालवताना एका सेकंदात आपण चार मीटर पुढे गेलेलो असतो. पुढच्याने ब्रेक दाबला, हे लक्षात येऊन आपली बोटं ब्रेकवर जाईपर्यंत तेवढं अंतर संपतं. मुलांची नजर पुढच्या चाकावर खिळलेली असते, त्यामुळे घरच्या फेरीत मी पाहिलेल्या धडका बहुतेक घरच्याच माणसांशी झालेल्या आहेत. उतारावर अंतर आणखी वाढवा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं.

आता खरी काळजी घ्यायची जागा म्हणजे चौक. पुढचं मोठं माणूस गेलं म्हणजे मीही जाऊ शकते, असं मूल धरूनच चालतं. ते गाडीकडे बघत नाही, आपल्या पाठीकडे बघतं. साधारण दहा वर्षांच्या आतल्या मुलांना येणारी गाडी किती वेगात आहे याचा अंदाजही नीट येत नाही. म्हणून पुढच्याने फट दिसली म्हणून घुसायचं नाही. थांबायचं, सगळे गोळा होऊ द्यायचे, सगळ्यांचे पाय जमिनीवर, आणि शेवटच्याने "चला" म्हटलं की सगळे एकदम. ओलांडताना तुम्ही मुलीच्या बाजूला या, गाड्या येतात त्या बाजूने. सगळे एका फटीत मावत नसतील तर उतरून हातात सायकल धरून चालत ओलांडा. यात कमीपणा नाही.

उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांब राहा, दार कधीही उघडतं. ट्रक किंवा बस वळणार असेल तर तिच्या कुशीत शिरायचं नाही, मागे थांबायचं. साधी खूण: तिच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही.

शब्द ठरवून घ्या. आमच्याकडे "खड्डा", "गाडी", "एकेरी" आणि "थांबतोय" एवढेच आहेत. "थांबतोय" हे ब्रेक दाबायच्या आधी ओरडायचं असतं. दाबल्यावर ओरडून उपयोग नाही.

आणि नवऱ्याच्या मानेसाठी एक खेळ. मोकळ्या मैदानात खडूने लांब सरळ रेघ मारा. तो रेघेवरून चालवेल, मुलगी मागे उभी राहून बोटं दाखवेल. त्याने वळून बघून किती बोटं ते सांगायचं आणि चाक रेघ सोडता कामा नये. नजर वळली की त्या बाजूचा हात नकळत हँडल ओढतो, सगळी गंमत तिथे आहे. बघायच्या आधी कोपर ढिले सोडायचे आणि हनुवटी खांद्यावर टेकवायची. खेळात मुलगी मास्तरीण झाली की तिचंही शिकणं होतं.

---

ग्रीसचे_हात

मागचं_चाक यांना अनुमोदन. मी यंत्राचं बोलतो.

ताई, बाजूची चाकं आजच काढा, आणि त्याबरोबर पेडलंही काढा. हो, दोन्ही पेडलं. सीट इतकी खाली आणा की मुलाचे तळवे पूर्ण जमिनीला टेकतील. मग त्याला पायांनी ढकलत फिरू द्या. हळूहळू ढांगा लांब होतील, मग दोन्ही पाय उचलून तो घरंगळत जायला लागेल. तोल आला. आता पेडलं परत लावा. बाजूच्या चाकांचा तोटा असा की वळताना सायकल झुकावी लागते आणि ती चाकं तिला झुकूच देत नाहीत. मूल तीनचाकीसारखं हँडल फिरवायला शिकतं आणि ती सवय नंतर मोडावी लागते. नाहीतरी १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल ड्रायसने जी पहिली दुचाकी काढली तिला पेडल नव्हतंच, मोठमोठी माणसं पायांनी ढकलत जायची.

पेडल काढताना एक सांभाळा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावत बसलात तर ते आणखी घट्ट होईल. पाना पेडलच्या दांड्यावर वरच्या बाजूने लावा आणि मागच्या चाकाच्या दिशेने ओढा. या पद्धतीने डावं-उजवं दोन्ही सुटतं, वेगळं काही लक्षात ठेवायला नको.

मुलीच्या सायकलचं तपासा. ब्रेकची मूठ तिच्या बोटांत येते का? तिला हँडल न सोडता दोन बोटांनी ब्रेक दाबायला सांगा. बोटांची नुसती टोकं पोचत असतील तर जोर कुठून येणार? बऱ्याच सायकलींना ब्रेकच्या मुठीपाशी, बिजागरीजवळ एक छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की मूठ हँडलकडे सरकते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि कुणी करत नाही! फिरवल्यावर मूठ पूर्ण दाबून बघा. ती हँडलला टेकण्याआधी ब्रेक घट्ट बसला पाहिजे, नाहीतर वायर ओढून घ्यावी लागेल.

वाढत्या वयाची मुलं म्हणून एक नंबर मोठी सायकल घेणारे पालक बघितले की माझा संताप होतो. सीटच्या पुढे उभं राहिल्यावर दोन्ही पाय सपाट टेकले पाहिजेत आणि मधल्या दांड्यापासून मोकळी जागा राहिली पाहिजे. बूट मोठा घेतला तर कापूस घालता येतो, सायकलमध्ये काय घालणार?

निघताना तीन गोष्टी: हवा, ब्रेक, चेन. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं, अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका. मुलाच्या सीटला पाय ठेवायच्या खोबणी आणि त्यावर पट्टे हवेत, आणि चाकाला जाळी किंवा आडोसा हवा. लहान मुलांचे पाय आऱ्यांमध्ये अडकण्याच्या जखमा फार वाईट असतात आणि त्या ताशी पाच-सात किलोमीटरलाही होतात.

हवेवरून आठवलं. बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने हवेच्या टायरचं पेटंट १८८८ मध्ये घेतलं, पण ती खटपट त्याने सुरू केली मुलाच्या तीनचाकीसाठी. पोराला भरीव चाकांवर हादरे बसतात म्हणून. म्हणजे आपण सगळे एका बापाच्या काळजीवर बसून फिरतोय.

---

वाटी_सांभाळा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नावातली वाटी गुडघ्याची.

बाबांच्या गुडघ्यांना सायकल सहसा चांगलीच. शरीराचं बरंचसं वजन सीटवर असतं, त्यामुळे चालताना किंवा धावताना बसतात तसे दणके बसत नाहीत आणि सांधा मात्र फिरत राहतो. पण दोन अटी. सीट फार खाली नको. जमिनीला पाय टेकावेत म्हणून वयस्कर मंडळी सीट पार खाली घेतात, मग प्रत्येक फेरीत गुडघा जास्त मुडपतो आणि वाटीच्या मागे दाब वाढतो. मापाची सोपी रीत: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी खाली न्या, पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर आला की गुडघ्यात हलका बाक राहतो, तेवढाच हवा. दुसरी अट, हलका गिअर आणि भराभर पाय. जड गिअर रेटत चढ चढणं ही मर्दुमकी गुडघ्यांच्या खात्यात मांडली जाते.

नवरोबांच्या शंकेचं उत्तर: होतो. स्नायू काम करत असतात तेव्हा ते रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्या वेळी इन्सुलिनवर फारसे अवलंबून नसतात. मांड्यांचे स्नायू शरीरातल्या सगळ्यांत मोठ्या स्नायूंपैकी, सायकलवर तेच राबतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम अशी आहे, आणि ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं. मध्यम म्हणजे किती? चालवताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढं. घरच्या फेरीत बाबांना तेवढे श्रम होतील, तुमच्या नवऱ्याला कदाचित नाही. मग धाकट्याची सीट त्याच्या सायकलला लावून बघा, चढावर गाणं बंद होईल. पण आधी तो मागे बघण्याचा खेळ जमू दे, तोवर मूल तुमच्याकडेच.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. सायकलने हृदय, फुप्फुसं, स्नायू सुधारतात, हाडं मात्र फारशी बळकट होत नाहीत. हाडांना वजन आणि थोडे धक्के लागतात. म्हणून सायकल आहे म्हणून चालणं, जिने चढणं सोडू नका. मुलांना उड्या मारू द्या.

बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हेल्मेटला पर्याय नाही. साध्या पडण्यातही कवटीच्या आत रक्तस्राव व्हायचा धोका त्यांना जास्त असतो. छातीत दुखणं, दम लागणं असं काही असेल तर आधी डॉक्टर, मग सायकल.

---

हरवलेला_पदपथ

सगळे सल्ले उत्तम. पण वाचताना मला राग येत होता, तुमचा नाही, परिस्थितीचा. नऊ वर्षांच्या मुलीला फेरी मारायला आई-बापाने लष्करी रचना लावायची?

नेदरलँड्समध्ये सायकलींचं राज्य आहे असं आपण कौतुकाने म्हणतो. तिथे १९७१ मध्ये रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली होती, त्यात चारशेहून जास्त मुलं. पालक रस्त्यावर उतरले. मुलांच्या हत्या थांबवा, अशा नावाचीच चळवळ होती ती. आज जे वेगळे सायकलमार्ग दिसतात त्यांच्यामागे असा लोकांचा रेटा आहे, निव्वळ सपाट जमीन आणि सोशिक स्वभाव नाही. हेल्मेटचा पट्टा मोजा, जरूर मोजा. पण वेगळी लेन मागणंही घरच्या सुरक्षेतच धरा.

आणि तोवर, माझं मत विचाराल तर, लहान मुलांना गाड्यांच्या रस्त्यावर नेऊच नका.

---

मागचं_चाक

पदपथ, लेनबद्दल शंभर टक्के. पण शेवटच्या वाक्याशी नाही पटत. सुरुवात मोकळ्या जागेतच करायची, धाकट्याला तर रस्ता नकोच. पण नऊ वर्षांची मुलगी आणखी काही वर्षांत मैत्रिणींबरोबर सायकल काढणारच आहे, आपल्याला विचारून किंवा न विचारता. तेव्हा चौकात कुठे थांबायचं हे तिला माहीत असायला हवं. ते मैदानात शिकवता येत नाही, तिथे चौकच नसतो. शांत गल्ली, कमी गर्दीची वेळ, मागे आई, एवढं जमत असेल तर न्यावं. जमत नसेल तर त्या दिवशी मैदान.

---

वाट_सावलीची

सगळ्यांचे मनापासून आभार. पेडलं काढली. डावं खरंच उलटं निघालं, नवरा आधी दुसऱ्याच दिशेने जोर लावून लाल झाला होता. त्याला पुढचं स्थान मिळाल्यामुळे तो खूश, मुलीने बोटांच्या खेळात त्याला नापास केलंय.

अडकलंय बाबांपाशी. एक, ते अजून धावत टांग मारून सायकलवर बसायला बघतात. एक पाय पेडलवर, दुसऱ्याने दोन-तीन ढांगा, आणि मग पाय मागून फिरवून वर. माझा जीव वर-खाली होतो. दुसरं, "आयुष्यभर डोकं फुटलं नाही" म्हणून हेल्मेटला नकार. गोळी रक्त पातळ करायचीच आहे, विचारून घेतलं.

---

वाटी_सांभाळा

टांगेवरून वाद घालू नका, सायकल बदला. मधला दांडा खाली असलेली सायकल द्या, पाय पुढूनच पलीकडे टाकता येतो. या वयातल्या मंडळींच्या पडण्यात चढता-उतरतानाचं पडणं बरंच असतं. थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायची सवय लावा, म्हणजे सीट योग्य उंचीला ठेवता येईल. तीनचाकी द्यायचा विचार करत असाल तर जपून, ती वळणावर झुकत नाही. वेगात वळवली तर कलंडते. मान कमी वळत असेल तर हँडलला आरसा लावा.

हेल्मेटबद्दल सुनेने सांगू नये. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगू द्या.

---

दोन_ब्रेक

किंवा नातीला.

संध्याकाळी निघत असाल तर दिवे लावा, पुढे पांढरा, मागे लाल, उजेड असतानाच चालू करा. चमकणाऱ्या पट्ट्या पाठीवर असू देत, पण घोट्यांवर आधी. वर-खाली होणारा पाय बघितला की मागच्या ड्रायव्हरला लगेच कळतं की हा सायकलवाला आहे. कानात गाणी कुणाच्याच नकोत, मुलीच्या तर नकोतच.

---

वाट_सावलीची

पट्ट्या आणते, सगळ्यांना दोन-दोन. आरसा बाबांना एकदम पसंत पडला, "पूर्वी माझ्या सायकलला होता" म्हणाले. खाली दांड्याची सायकल मात्र बायकांची वाटते म्हणून घासाघीस चालू आहे. माझी तशीच आहे, उद्या अदलाबदल करून बघतो. हेल्मेटचं डॉक्टरांवर सोपवलंय.